हुकूम कोणाला लागू होतो?

वेदाने 'हे कर' असे सांगितले, तर ते नेमके कोणाला उद्देशून, या प्रश्नावर पूर्वमीमांसेने फार बारकाईने विचार केला आहे. जैमिनीच्या सूत्रांचा सहावा अध्याय याच अधिकारचर्चेला वाहिलेला आहे. तिचा गाभा असा, की ज्याला फळाची इच्छा आहे, जो ते कर्म करायला समर्थ आहे आणि ज्याला त्याचे ज्ञान आहे, त्यालाच विधी लागू होतो. जो समर्थ नाही त्याच्यावर आज्ञाभंगाचा ठपका येत नाही, कारण आज्ञा त्याच्यासाठी नव्हतीच. यज्ञकर्माच्या संदर्भात मांडलेला हा विचार आज एका अगदी वेगळ्या जागी कसाला लागतो. मनाचा तोल गेलेल्या माणसाच्या दारात पोलीस येतो आणि 'हातातली वस्तू खाली टाक' असे दरडावतो. ऐकणाऱ्याच्या कानात आधीच चार आवाज घुमत असतील आणि त्यांतला खरा कोणता हे त्याला उमगत नसेल, तर त्याने हुकूम मोडला असे म्हणता येईल का? मला वाटते, येणार नाही. आणि हे एकदा मान्य केले की अशा वेळी पोलिसाबरोबर मनाचे आजार जाणणारा माणूस जाणे ही प्रशासनाची सोय राहत नाही. ती न्यायाची अट होते.

अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १९८७ साली एका आईने पोलिसांना फोन केला. तिचा सत्तावीस वर्षांचा मुलगा मानसिक आजाराने ग्रस्त होता, हातात चाकू घेऊन स्वतःलाच जखमा करून घेत होता. पोलिसांनी त्याला चाकू टाकायला सांगितले. तो आणखी बिथरला, त्यांच्या दिशेने धावला, आणि गोळ्या लागून मेला. शहर हादरले, आणि पुढच्याच वर्षी तिथे पोलिसांना मानसिक आजारांविषयी चाळीस तासांचे शिक्षण देणारी पद्धत सुरू झाली. ती पुढे अमेरिकेत हजारो ठिकाणी पोहोचली. तरीही 'वॉशिंग्टन पोस्ट'ने २०१५ पासून ठेवलेल्या नोंदींत, पोलिसांच्या गोळीने मेलेल्या माणसांपैकी साधारण पाचातल्या एकाला मानसिक आजार असल्याचे आढळते. चाळीस तासांनी पुष्कळ अधिकारी शहाणे झाले असतील, यात मला शंका नाही. पण पोलिसाचे सारे मूळ शिक्षण एका गृहीतावर उभे आहे: समोरच्याला हुकूम कळतो, आणि तो न पाळणे ही त्याची निवड आहे. ज्या माणसाच्या बाबतीत हे गृहीतच खोटे ठरते, त्याचे गोंधळणे उर्मटपणा वाटते, त्याचे पळणे अपराधाची कबुली वाटते आणि त्याचे पुढे येणे हल्ला वाटतो. मेम्फिसच्या त्या घरात सगळेजण आपापल्या समजुतीप्रमाणे वागले, आणि त्यातूनच एक जीव गेला.

कायद्याने हे तत्त्व फार पूर्वी स्वीकारले आहे, हे इथे मुद्दाम सांगायला हवे. १८४३ मध्ये डॅनियल मॅकनॉटन नावाच्या माणसाने लंडनमध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या खाजगी सचिवाला गोळी घातली. सत्ताधारी आपला छळ करत आहेत या भ्रमाने त्याला पछाडले होते, म्हणून न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. त्यातून जे नियम निघाले ते आपल्याकडे १८६० च्या दंड संहितेच्या ८४व्या कलमात आले आणि आज भारतीय न्याय संहितेच्या २२व्या कलमात आहेत: आपण काय करतो आहोत हे मनोविकारामुळे ज्याला कळत नाही, त्याची कृती अपराध ठरत नाही. ज्या पील यांच्या कारकिर्दीशी ही कथा जोडलेली आहे, त्यांनीच १८२९ मध्ये लंडनचे आधुनिक पोलीस दल उभे केले होते. एकाच पिढीत एका समाजाने रस्त्यावर शिस्त राखणारा शिपाई घडवला आणि भ्रमिष्टाला दोषमुक्त करणारा नियमही घडवला. पण ही दोन कामे एकमेकांना भेटली नाहीत. दोषमुक्ती न्यायालयात मिळते, आणि न्यायालयापर्यंत जिवंत पोहोचावे लागते. पोलीस आणि मानसोपचारातली व्यक्ती यांनी एकत्र जाण्याच्या पद्धतीकडे मी याच नजरेने पाहतो. जे तत्त्व खटल्याच्या शेवटी लागू होते, ते घटनेच्या पहिल्या मिनिटाला लागू व्हावे, एवढेच ती मागते.

अशा पद्धती आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. कॅनडातल्या व्हँकूवरमध्ये साध्या वेशातला पोलीस आणि मनोविकारांची परिचारिका एकाच गाडीतून फिरतात. 'कार ८७' नावाची ही व्यवस्था कित्येक दशकांची आहे. लॉस एंजेलिसमध्ये १९९० च्या दशकापासून अशी पथके आहेत. इंग्लंडमध्ये २०१३ च्या सुमारास अनेक ठिकाणी परिचारिका पोलिसांच्या गाडीत बसू लागल्या. सार्वजनिक जागेतल्या माणसाला मानसिक आजारामुळे ताब्यात घेण्यापूर्वी, शक्य असेल तर, डॉक्टरचा किंवा परिचारिकेचा सल्ला पोलिसांनी घेतलाच पाहिजे, असे २०१७ मध्ये तिथल्या कायद्यातच घातले गेले. मला हा छोटासा बदल फार मोलाचा वाटतो. बळ वापरण्याचा अधिकार काढून घेतलेला नाही. पण तो वापरण्याआधी बळाने ज्ञानाला विचारावे, असे बंधन त्याच्यावर आले. म्हणूनच दोघे एका गाडीत बसले की काम झाले, असे मी मानत नाही. दार उघडल्यावर आधी कोण बोलतो आणि दोघांत मतभेद झाला तर कोणाचे चालते, यावर सारे अवलंबून आहे. परिचारिका मागच्या सीटवर बसून राहिली आणि हुकूम आधीच सुटला, तर नाव नवे आणि रीत जुनीच.

यावर पहिला आक्षेप अगदी रास्त आहे. समोरच्याच्या हातात कोयता असेल तर? समुपदेशकाने आपला जीव धोक्यात का घालावा? कौटिल्याने दंडाविषयी जे म्हटले आहे ते इथे उपयोगी पडते. कठोर दंडाने राजा प्रजेला नकोसा होतो, मवाळ दंडाने त्याला कोणी जुमानत नाही, आणि ज्याला जसा हवा तसा दंड देणारा राजा मान मिळवतो, असे त्याचे मत. दंड जवळ असावा, हे मीही मानतो. प्रश्न तो आधी दाखवायचा की शेवटी, हा आहे. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या यूजीन शहरात १९८९ पासून 'कॅहूट्स' नावाचे पथक अशा हाकांना पोलिसांविना जात असे. त्यात एक वैद्यकीय मदतनीस आणि एक संकटकाळी बोलण्याचे शिक्षण घेतलेला माणूस. २०१९ मध्ये त्यांच्याकडे सुमारे २४,००० हाका आल्या, आणि त्यांपैकी ३११ वेळा त्यांना पोलिसांना बोलवावे लागले. या आकड्याला फार ताणू नये. त्यातल्या पुष्कळ हाका विचारपूस किंवा एखाद्याला निवाऱ्यापर्यंत सोडणे अशा होत्या, आणि त्यांना एरवीही पोलीस गेलाच असता असे नाही. पण ते वजा केले तरी एक गोष्ट उरते: ज्याला आपण घातक म्हणून ओळखतो तो बहुतेक वेळा भ्यालेला असतो. डेन्व्हर शहरात २०२० पासून अशाच एका पथकाने किरकोळ तक्रारींचा भार उचलला. तिथे नोंदवल्या जाणाऱ्या अशा गुन्ह्यांत ३४ टक्के घट झाली आणि हिंसक गुन्हे वाढले नाहीत, असे २०२२ मधल्या अभ्यासाने दाखवले. जिथे शस्त्र आहे तिथे पोलीस हवाच, आणि म्हणूनच मी पोलिसांना वगळा असे म्हणत नाही, एकत्र जा असे म्हणतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो मला स्वस्थ बसू देत नाही. डॉक्टर तरी निरुपद्रवी कुठे आहे? मीमांसेच्या ज्या अधिकारविचारापासून मी सुरुवात केली, त्याच विचाराने शूद्रांना वेदापासून दूर ठेवले. 'तू समर्थ नाहीस' हे वाक्य दोष माफ करते, तसेच हक्कही हिरावून घेते. पुण्यात येरवडा म्हटले की तुरुंग आठवतो आणि मनोरुग्णालयही आठवते, आणि दोन्ही भिंतींआड माणसे त्यांच्या मर्जीविरुद्ध राहिली आहेत. मग पोलिसाबरोबर गेलेली परिचारिका ही गणवेश नसलेली पोलीसच होणार नाही का? होऊ शकते. तेराव्या शतकातल्या रिद्धपूरचे गोविंदप्रभू आठवावेत. म्हाइंभटाने जमवलेल्या त्यांच्या लीळांत ते वाटेल त्याच्या घरात शिरतात, रुसतात, हसतात, आणि गाव त्यांना वेडा म्हणते. पण तेच गाव त्यांना आई-बापही मानते. महानुभावांसाठी ते ईश्वराचा अवतार आहेत. समाजाच्या चौकटीत न बसणारे प्रत्येक वागणे आजार ठरवून बंद करायचे असते, तर ती परंपराच जन्मली नसती. म्हणून पथकातल्या जाणकाराचे पहिले काम निदान करून न्यायचे नसावे. ज्याला कुठेच न्यायची गरज नाही त्याला ओळखून तिथेच सोडण्याचे असावे. भारताचा २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा या दिशेचाच आहे. मानसिक आजार असलेल्या माणसालाही आपल्या उपचाराचा निर्णय घेण्याची क्षमता आहे, असे तो आधी गृहीत धरतो. आणि बांधून ठेवण्याची मुभा तेव्हाच देतो, जेव्हा तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच उरत नाही. ज्ञान आणि बळ एकत्र आले की धोका वाढतो, हे खरे. पण ज्ञानाशिवाय बळ आधीपासून दारात उभे आहेच. त्याला आणखी एक साक्षीदार मिळणे, तेही त्याच्याच बाजूचा नसलेला, हे समोरच्याच्या हिताचे आहे.

मग पोलिसांनी जाऊच नये, असा निष्कर्ष काही जण काढतात. इंग्लंडमध्ये हंबरसाइडच्या पोलिसांपासून सुरू झालेल्या आणि २०२३ मध्ये लंडनपर्यंत पोहोचलेल्या धोरणात, जिवाला तातडीचा धोका किंवा गुन्हा नसेल तर मानसिक आरोग्याच्या हाकांना पोलीस जात नाहीत. त्यामागचे तत्त्व मला पटते, क्रम पटत नाही. आरोग्यसेवेची गाडी दारात येण्याआधी पोलिसाची गाडी काढून घेतली, तर त्या रात्री तिथे कोणीच नसते. ज्या कौटिल्याने दंड सांगितला, त्यानेच बालक, वृद्ध, रोगी, संकटग्रस्त आणि अनाथ यांचे पोषण राजाने करावे असेही सांगितले. दंड आवरून घेतला म्हणजे पोषणाचे कर्तव्य आपोआप पार पडत नाही. यूजीनमधली ती सेवाही २०२५ च्या एप्रिलमध्ये पैशाअभावी त्या शहरात बंद पडली. इतकी वर्षे उपयोगी ठरलेली गोष्टही टिकवावी लागते, याचे हे दुखरे उदाहरण आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न परका नाही. त्याच २०१७ च्या कायद्याच्या १००व्या कलमाने पोलिसांवरच जबाबदारी टाकली आहे. हद्दीत भटकणारा, आजारी आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस दिसला तर त्याला संरक्षणात घ्यायचे, कारण सांगायचे, चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे, आणि कोणत्याही परिस्थितीत कोठडीत ठेवायचे नाही. कलम सुंदर आहे. पण रात्री दोन वाजता ते पाळायचे असते बंदोबस्ताने थकलेल्या हवालदाराने, ज्याला या कामाचे शिक्षण मिळालेले नसते. 'आपल्याकडे एवढे मानसोपचारतज्ज्ञ कुठे आहेत?' असे लगेच विचारले जाईल, आणि देशात लाख लोकांमागे एकही पुरा भरत नाही हे खरेच आहे. पण वर सांगितलेल्या पथकांत तज्ज्ञ डॉक्टर नव्हतेच. परिचारिका होत्या, समाजसेवक होते, शिकवून तयार केलेली साधी माणसे होती. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात अशी पदे आहेत. २०२२ पासून 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही बोलतो. ११२ या आपत्कालीन क्रमांकावर आलेली हाक मानसिक संकटाची आहे असे दिसताच टेलिमानसचा समुपदेशक गाडी पोहोचण्याआधीच हवालदाराच्या फोनवर यावा, त्याने घरच्यांशी बोलावे, काय विचारायचे आणि काय विचारायचे नाही ते सांगावे, आणि जिल्हा कार्यक्रमातली परिचारिका शक्य तिथे गाडीत असावी. यासाठी नवे इस्पितळ लागत नाही. कायद्याने कोठडीचे दार बंद केले आहे, पण घराच्या दारात आधी कोणी बोलावे हे लिहिलेले नाही. राज्य सरकारने ते आपल्या पोलिसांना दिलेल्या सूचनांत लिहावे, १००व्या कलमाची त्याला कसलीही आडकाठी नाही.