पायापुरता उजेड

बसा.

पाठ टेकवलीत तरी चालेल. पाय जमिनीला लागू द्या.

डोळे मिटायची घाई नको. आधी खोलीतला दिवा मालवा. मालवता येत नसेल, तर मालवल्यासारखं करा.

अंधार येऊ द्या.

हा अंधार आपल्याकडचा नाही. यात रातकिडे नाहीत, लांबून येणारा कुत्र्याचा आवाज नाही. हा जानेवारीतला अंधार आहे, स्कॉटलंडच्या उत्तरेचा. दुपारी चारच्या सुमाराला तो उतरतो आणि सकाळी पावणेनऊपर्यंत हलत नाही. जवळजवळ १७ तास.

त्याला घाई नाही. तुम्हीही करू नका.

अंधारात एक जंगल आहे. कॉन्टिन नावाचं छोटं खेडं आणि त्याच्या पाठीशी टोराचिल्टीचं जंगल. पाईन, बर्च, लार्च. लार्चच्या सुया थंडीआधीच गळून गेल्यात. त्या वाटेवर पडून आहेत, ओल्या, गंजाच्या रंगाच्या. आत्ता रंग दिसत नाही. नुसता मऊपणा कळतो.

या जंगलात २४ तासांची माउंटन बाइकची शर्यत भरते. नाव स्ट्रॅथपफर. शेजारच्या गावाचं नाव स्ट्रॅथपेफर, आणि इंग्रजीत पफ म्हणजे धाप. कुणीतरी एक मात्रा पुसली आणि शर्यतीला नाव मिळालं. शनिवारी सकाळी दहाला निघायचं, रविवारी सकाळी दहाला थांबायचं. वाट एकच. सुमारे ११ किलोमीटर जाते आणि फिरून जिथल्या तिथे येते.

तुम्ही चौघं मित्र आहात. एक वाटेवर, तिघं तंबूत. तो आला की दुसरा निघतो.

एवढं पुरे. आता शर्यत बाजूला ठेवा.

पहाटेचे चार वाजलेत. पाळी तुमची आहे.

श्वास घ्या.

हवा नाकात टोचते. टोचू द्या.

सोडा.

श्वासाची वाफ दिव्याच्या झोतात येते. क्षणभर समोर पांढरी भिंत उभी राहते. मग विरते. मागून वाट पुन्हा दिसते.

पुन्हा श्वास. पुन्हा भिंत. पुन्हा वाट.

असे चार-पाच श्वास जाऊ द्या.

आता उजेडाकडे पाहा.

तुमच्याकडे दोन दिवे आहेत. एक हँडलला, एक हेल्मेटला. हँडलचा दिवा चाक जाईल तिकडे बघतो. हेल्मेटचा दिवा तुम्ही बघाल तिकडे बघतो. वाट सरळ असली की दोन्हींची वर्तुळं एकमेकांवर पडतात आणि मधे पांढराशुभ्र गाभा तयार होतो. वळण आलं की ती सुटतात. तुम्ही वळणापलीकडे बघत असता, चाक अजून अलीकडेच असतं.

मग चाक येतं. वर्तुळं पुन्हा एक होतात.

सुटतात. एक होतात.

हेच पाहायचं आहे. इतकंच.

दिव्याची बॅटरी थंडीत लवकर उतरते. म्हणून तंबूतल्या एकाने ती दोन तास जाकिटाच्या आत, छातीशी धरून ठेवली होती. निघताना त्याने ती तुमच्या हातात दिली तेव्हा ती कोमट होती. हातमोज्यातूनही कळलं.

आत्ता दिसतोय तो उजेड त्या कोमटपणातून येतोय.

पाहत राहा.

चढ लागतो. जंगलखात्याचा रुंद, कच्चा रस्ता. इथे काही करायचं नसतं, फक्त फिरवत राहायचं. उजवा पाय, डावा पाय. साखळीत वाळू गेली आहे, ती दळल्यासारखी वाजते. टायरला बारीक खिळे आहेत. बर्फाचा पापुद्रा आला की ते चुरचुरतात, माती आली की गप्प होतात.

ऐका. चुरचुर. गप्प. चुरचुर.

डोळ्यांच्या आधी कानाला कळतं, खाली काय आहे ते.

वर, खूप वर, झाडांमधून दिवे सरकतायत. दुसऱ्या कुणाचे. एक पुढे, दोन मागे, मग एकही नाही. उपमा सुचत असेल. सुचू द्या, तिच्या मागे मात्र जाऊ नका. (मी एका वर्षी गेलो होतो. चढावर सुंदरसं वाक्य जुळवत होतो आणि आडव्या मुळावरून चाक घसरून सरळ चरात गेलो. वाक्य आता आठवतही नाही. गुडघा आठवतो.)

वर्तुळाकडे परत या.

आता मनात हिशेब येईल. येतोच. किती फेऱ्या झाल्या? किती राहिल्या? घरच्यांनी, ऑफिसातल्यांनी, शेजारच्या आजींनी प्रत्येक फेरीमागे काही पौंड कबूल केलेत. ते पैसे एका हॉस्पिसला जायचे आहेत, जिथे बरं होण्याची वेळ निघून गेलेली माणसं राहतात आणि जिथे त्यांच्याकडून काही घेत नाहीत. अशा घरांचा बराचसा खर्च लोकांच्या देणग्यांवर चालतो. तेव्हा पैसे हवेतच, त्यात कमीपणा नाही.

पण तो हिशेब तंबूत करा, चहाबरोबर. चढावर त्याचं ओझं होतं.

श्वास घ्या. सोडा.

चौघांतल्या एकाची आई अशाच एका घरात होती. शेवटचे काही दिवस.

तो तिच्या खोलीत खुर्चीवर झोपायचा. म्हणजे जागाच असायचा. त्याने एकदाच सांगितलं, टायरमध्ये हवा भरताना, कुणाकडेही न बघता. रात्री नर्स फेरी मारायची. तिच्या हातात छोटी विजेरी असायची, आणि ती कायम जमिनीकडे धरलेली असायची. झोपलेल्याच्या डोळ्यांवर उजेड पडू नये म्हणून. दारातून आधी उजेडाचं एक वर्तुळ आत यायचं. फरशीवरून सरकत पलंगाच्या पायाशी थांबायचं. आईचा श्वास ऐकायचं, असं तो म्हणाला. नर्स नाही, वर्तुळ ऐकायचं.

मग निघून जायचं.

मग त्याने पंप काढला, टायर अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाला, थोडी कमीच ठेवू, निसरडं आहे.

इथे थोडं थांबा.

काही विचार करायला नको. फरशीवरचं ते वर्तुळ फक्त पाहा.

अशी घरं आता पुष्कळ ठिकाणी आहेत. १९६७ मध्ये सिसिली साँडर्स यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स उघडलं, आणि मरणाऱ्या माणसाचं दुखणं हेही वैद्यकाचंच काम आहे, हे हळूहळू सगळीकडे मानलं जाऊ लागलं. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे. या जंगलात पहाटेचे चार, म्हणजे तिथे सकाळचे साडेनऊ. रात्रपाळीची माणसं घरी गेली असतील. कुणीतरी खिडकी उघडली असेल.

इथे मात्र अजून रात्र आहे.

चढ संपतो.

सायकल वाटेच्या बाजूला घ्या, मागून येणाऱ्याला जागा ठेवून. एक पाय खाली टेकवा.

आता दोन्ही दिवे विझवा. भीती वाटेल, थोडीशी. हरकत नाही.

काळोख.

अंधाराला पुरतं सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ तुमच्याकडे नाही, मित्र खाली वाट पाहतोय. पण मिनिटभर आहे.

मिनिटभर राहा.

आधी काहीच नाही. मग झाडं आणि आभाळ वेगळी होतात. आभाळ काळं नाही, राखाडी आहे. झाडं काळी आहेत. मग शेंड्यांची कड. मग तुमचा स्वतःचा हात, हँडलवर, जरा फिकट.

खाली कुठेतरी पाणी वाहतंय. ते मघापासून वाहत असणार.

ऐका.

साधारण या वेळेला शरीर दिवसभरातलं सगळ्यांत थंड असतं. झोप डोळ्यांत नाही, हाडांत येते. तिला हाकलू नका. ती आहे, पाणी आहे, तुम्ही आहात.

श्वास घ्या.

सोडा.

दिवे लावा.

बघा, वर्तुळ आलं. पण आता त्याच्याबाहेरचं जंगलही तुमच्या ओळखीचं आहे.

उतार. इथे वाट अरुंद होते आणि खडकांवरून जाते. ओले, गुळगुळीत, उताराकडे कललेले खडक. बोटं ब्रेकवर हलकी ठेवा. गुडघे सैल. खांदे कानांपासून खाली येऊ द्या; ते वर चढून बसलेले असतात, आपल्याला पत्ताही नसतो. खुर्चीवर बसलेल्या तुमचेही चढले असतील. खाली येऊ द्या.

दगडाकडे पाहू नका. दगडाकडे पाहिलंत की चाक दगडावरच जातं, हे पडून-पडून कळलेलं आहे. दोन दगडांमधली जागा पाहा. ती अरुंद असली तरी तीच पाहा.

तिथे उजेड न्या.

चाक मागोमाग येईल.

जागा. चाक. पुढची जागा. चाक.

घाई नको.

झाडं विरळ होतात. खाली तंबूंचे पिवळे चौकोन दिसतात. शेकोटीचा वास येतो, ओल्या लाकडाचा, आणि त्यात कुणाच्या तरी सूपचा. माणसांचं बोलणं येतं, शब्द नाही, नुसता सूर.

तुम्ही उतरता. पायात त्राण नाही म्हणून सायकललाच धरून उभे राहता. बोटाला अडकवलेली चिप खोबणीत टेकवता.

बीप.

फेरी संपली. पण अजून थोडं राहा.

तो समोर उभा आहे. बॅटरीवाला. जाकीट काढून तयार, सायकल हातात, थंडीने एका पायावरून दुसऱ्या पायावर होत. तुम्ही मान वर करून त्याच्याकडे बघायला जाता आणि तुमच्या हेल्मेटचा झोत सरळ त्याच्या चेहऱ्यावर पडतो. तो डोळे मिचकावतो.

तुम्ही मान खाली घालता.

उजेड त्याच्या छातीवरून घसरतो, गुडघ्यांवरून, आणि बुटांपाशी थांबतो.

बुटांवर चिखल आहे, मागच्या फेरीचा, अजून ओला.

"काय रे, कशी आहे वाट?"

"शेवटच्या खडकांवर बर्फ धरलाय. सांभाळून जा."

"बरं."

त्याचा श्वास ऐकू येतो. वाफ वर्तुळात येते, विरते.

उजाडायला अजून साडेतीन तास आहेत.