उभ्या नावेचा दिवा

वाचक माउली, आपल्या संप्रदायात चालण्याचा महिमा मोठा. वारी म्हणजेच चालणे. कोणी शेगावहून निघतो, कोणी कौंडण्यपुराहून, आणि ज्याला पंढरपूर गाठवत नाही तो आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या धापेवाड्याला जाऊन तिथल्या चंद्रभागेत पाय बुडवतो. चालणाऱ्याने कसे वागावे हे आपल्याला पाठ आहे. ओळ मोडू नये, पुढच्याला ढकलू नये, भेटेल त्याच्या पाया पडावे. पण जो थांबला आहे त्याचा धर्म कोणता? जो कोणाच्या वाटेत जात नाही, कोणाला धक्का देत नाही, आपल्या जागी स्वस्थ उभा आहे, त्याच्याकडे दुसऱ्याचे काही देणे उरते का?

लोकमत असे, की उरत नाही. "मी माझ्या जागी उभा आहे, ज्याला डोळे आहेत त्याने बघून जावे." हा झाला पूर्वपक्ष. ऐकायला तो निर्दोष वाटतो. पण दर्यावर्दी लोकांनी तो मानलेला नाही. त्यांनी नेमके उलटे ठरवले आहे, आणि त्यांच्या त्या नियमात परमार्थाच्या माणसाने विचार करावा असे पुष्कळ आहे, म्हणून आज तो दृष्टान्ताला घेतो.

तुम्ही म्हणाल, महाराज, नागपुरात बसून समुद्राच्या गोष्टी कशाला? अंबाझरीच्या पलीकडे आपल्याला पाणी ठाऊक नाही. खरे आहे. पण माउली, एक शब्द बघा. शेतकरी ज्याने जमीन उलथतो तो नांगर, आणि कोळी ज्याने बोट जागेवर धरून ठेवतो तोही नांगर. एक चालवायचा, एक थांबवायचा; दोघेही भूमीत दात रोवतात. म्हणजे तो शब्द आपल्या घरचाच आहे. शिवाय ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात भगवंत स्वतः भक्तांसाठी नामाच्या नावा करतात. नावेचा दृष्टान्त वारकऱ्याला परका नाही.

आता तो नियम ऐका. जहाजांची टक्कर होऊ नये म्हणून साऱ्या जगाने मिळून 1972 साली नियम ठरवले आणि ते 15 जुलै 1977 पासून लागू झाले. आपल्या देशाचेही त्याबाबतचे नियम 1975 सालचे आहेत. त्यात नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजासाठी वेगळे कलम आहे. दिवसा त्याने पुढच्या भागात एक काळा गोळा टांगायचा, असा की कुठूनही नीट दिसेल. सूर्य मावळला की उगवेपर्यंत चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावायचा. जहाज पन्नास मीटर किंवा त्याहून लांब असेल तर दोन, पुढचा उंच आणि मागचा त्याहून खाली. शंभर मीटर किंवा त्याहून मोठ्या जहाजाने तर सारी डेकच उजळून ठेवायची. धुके पडले, डोळ्यांचे काम संपले, की घंटा वाजवायची: दर मिनिटाच्या आत एकदा, सुमारे पाच सेकंद, भराभर. मुंबईला गेटवेवरून मांडव्याच्या लाँचमध्ये बसलात तर बंदरात उभी असलेली जहाजे दिसतात. त्यांच्यावर टांगलेला काळा गोळा शोधून बघा.

गंमत अशी, की हे सारे करायचे ते काहीही न करणाऱ्याने. यंत्र बंद आहे, नांगर तळाला धरून आहे, खलाशी झोपायला गेले आहेत, तरी दिवा जागा पाहिजे. का? कारण दुरून येणाऱ्याला उभे आणि चालते यांतला फरक आपोआप कळत नाही. त्याला वाटते, समोरचा आपल्याला वाट देईल. आणि उभा असलेला तर वाट देऊ शकत नाही, त्याचे पाय बांधलेले आहेत. जो वाट देऊ शकत नाही, त्याने निदान तसे सांगितले पाहिजे. थांबण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, पण गुपचूप थांबण्याचा नाही. माझ्या मते सिद्धांत तो हाच.

न सांगता पडून राहिलेली वस्तू काय करते, हे 1971 च्या जानेवारीत इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या चिंचोळ्या समुद्रात दिसले. टेक्साको कॅरिबियन नावाचे तेलवाहू जहाज 11 तारखेला टक्कर होऊन फुटले आणि बुडाले. तळाशी पडलेल्या त्या सांगाड्यावर खूण बसण्याआधीच, दुसऱ्या दिवशी ब्रँडेनबर्ग नावाचे जहाज त्यावर आदळले आणि तेही बुडाले. मग तिथे खुणा मांडल्या, दिवा लावलेली नाव उभी केली. तरीही 27 फेब्रुवारीला निकी नावाचे तिसरे जहाज त्या खुणांमधून आत शिरले, आणि त्यावरची 22 माणसे गेली.

माउली, या एका जागेत दोन धडे आहेत. ब्रँडेनबर्ग सांगते की खूण नसेल तर निश्चल वस्तूही माणसे मारते. निकी सांगते की खूण लावली म्हणून सगळे वाचतीलच असे नाही. मग लावायची कशाला? कारण लावणे आपल्या हातात आहे, बघणे दुसऱ्याच्या. आपल्या हातातले करून ठेवावे आणि फळाची हमी मागू नये, हे गीता ऐकलेल्याला वेगळे सांगायला नको.

आता कोणी भाविक विचारील, की मग बाहेरच्या खुणांना एवढे महत्त्व कसे? आपल्या संतांनी तर टिळे-माळांच्या सोंगावर कोरडे ओढले. आतला भाव देव जाणतो, खुणेची त्याला काय गरज?

शंका बरोबर आहे. देवाला गरज नाहीच. पण दिवा देवासाठी नसतो, आणि आपल्यासाठीही नसतो. जहाजावरच्या माणसाला ठाऊकच असते की आपण नांगर टाकला आहे. दिवा असतो तो अंधारातून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी. म्हणूनच सात मीटरहून लहान होडी जर अशा ठिकाणी उभी असेल, जिथे इतर नावांची ये-जा नाही, तर तिला या दिव्याची सक्ती नाही. जिथे दुसरा नाही तिथे खूण नाही. एकांतात माळ मोजायला कोणी येत नसते.

गळ्यातल्या तुळशीच्या माळेचे तसेच बघा. लग्नाच्या पंगतीत वाढप्याची नजर माळेकडे जाते आणि हात थबकतो: इथे हे वाढायचे नाही. एकादशीला शेजारी जेवणाचा आग्रह धरत नाही. आणि गावात एखादी विधवा बाई आपली चार पैशांची ठेव माळकऱ्याजवळ विश्वासाने ठेवते. ती माळेकडे बघून आपली नाव वळवते. म्हणून खोटी माळ ही नुसती स्वतःची फसवणूक नव्हे. अंधारात खोटा दिवा लावून दुसऱ्याला खडकावर नेण्यासारखे ते आहे. संत चिडले ते खुणेवर नव्हे, खोट्या खुणेवर. खरी खूण त्यांनी स्वतःच्या गळ्यात घातलीच होती.

खूण खरी कशी राहील, याचीही त्या नियमांत सोय आहे. पहिली गोष्ट, ठरलेल्या दिव्यांशी घोटाळा होईल असा दुसरा दिवा लावायचा नाही. रोषणाई करून मुख्य दिवा बुडवायचा नाही. दुसरी गोष्ट, नांगर उचलला की गोळा उतरवायचा. काल खरी असलेली खूण आज खोटी होऊ शकते. आपल्या रस्त्यावर काय होते? समृद्धी महामार्ग होण्याच्या कितीतरी आधीपासून आपण बघत आलो आहोत, की ट्रक बंद पडला म्हणजे ड्रायव्हर मागे झाडाची फांदी टाकतो, चार दगड मांडतो. ते चांगलेच करतो. पण ट्रक दुरुस्त झाला की तो निघून जातो आणि दगड तिथेच राहतात. रात्री एखादा मोटारसायकलवाला त्यावरून पडतो. वाचवायला मांडलेले दगडच घात करतात.

तिसरी गोष्ट सर्वांत सूक्ष्म आहे. नांगर टाकून उभे राहणे वेगळे, आणि तळाला टेकून रुतणे वेगळे. दोन्ही जहाजे उभीच दिसतात, पण रुतलेल्या जहाजाला नांगरलेल्याची खूण पुरत नाही. त्याने शिवाय दोन तांबडे दिवे एकाखाली एक लावायचे, आणि दिवसा तीन काळे गोळे टांगायचे. म्हणजे जगाला सांगायचे, की मी मर्जीने थांबलेलो नाही, अडकलो आहे.

इथे माउली, आपण आपल्या मनात डोकवावे. आपण किती वेळा रुतलेलो असतो आणि नांगर टाकल्याचा दिवा लावतो! हात थरथरायला लागले की म्हणतो, व्यवहारातून मन काढले. मुले विचारीनाशी झाली की म्हणतो, विरक्ती आली. वैराग्य हा नांगर आहे, तो आपल्या हाताने टाकायचा असतो. वाळूत रुतण्याला वैराग्य म्हणू नये.

माझे कीर्तन थांबले त्या वर्षी मी सप्ताहाच्या हंगामाआधी अकरा गावांना पोस्टकार्डे घातली. "यापुढे माझे कीर्तन धरू नये. ऐकायला अवश्य येईन." एक जुने स्नेही कार्ड वाचून घरी आले. म्हणाले, "महाराज, कारण 'एकांतसाधना' असे लिहायचे होते. गुडघे म्हणून कशाला लिहिलेत? शोभत नाही." मी म्हटले, "अहो, एकांतसाधना लिहिली तर लोक दुरून नमस्कार करतील आणि निघून जातील. गुडघे लिहिले तर सप्ताहाला कोणीतरी गाडी पाठवील." ते हसले, पण झाले तसेच. दोन गावांतून गाडी येते. आणि माझ्या जागी तरुण कीर्तनकार उभा राहिला. जागा मोकळी झाल्याचे त्याला वेळेवर कळले. वीणेकरी वीणा उतरवतो तेव्हा ती भिंतीला टेकवून निघून जात नाही, पुढच्याच्या गळ्यात घालतो. आपले थांबणे दुसऱ्याच्या हाती देणे हीही सेवाच आहे.

पण गुडघ्यांची गोष्ट हलकी झाली. आपल्या विदर्भात याहून जड गोष्ट आहे. दोन सालांचा कापूस गेला, सोसायटीचे कर्ज थकले, सावकार दारात येऊन गेला, आणि घरधनी ओसरीवर स्वस्थ बसलेला असतो. शेजारी विचारतो, "काय चाललंय?" तो म्हणतो, "काही नाही, बरं आहे." हा पांढरा दिवा. लोक बाजूने निघून जातात, कारण दिवा बघून त्यांना वाटते की हा विसावला आहे. तो तर रुतला आहे, आणि भरती कधी येईल हे त्याला दिसत नाही. पुढे काय होते ते या भागात कोणाला सांगायला नको. अशा प्रत्येक घरी मागून लोक म्हणतात, "बोलला असता तर!"

म्हणून माझे दोन्ही बाजूंना हात जोडून सांगणे आहे. जो अडकला आहे त्याने तांबडा दिवा लावण्याची लाज धरू नये. दर्यावर मोठमोठ्या जहाजांनाही तो लावावा लागतो, आणि त्याने कोणाचा मान जात नाही. घरात सांगा, दिंडीतल्या सोबत्याला सांगा, विणेकऱ्याला सांगा. आणि जो चालतो आहे त्याने निकीसारखे खुणांमधून घुसू नये. ज्या भजनी मंडळातला टाळकरी तीन एकादशा आला नाही, त्याच्या घरी चौथीच्या आधी कोणीतरी जाऊन यावे. ज्याला दिवा लावण्याचे बळ उरले नाही, त्याचा अंधार वाचणे हे चालणाऱ्याचे काम आहे. दृष्टान्त एकदेशी असतो. जहाजाचा नियम इथवर येत नाही, संतांचा येतो.

शेवटी, जो सर्वांत जास्त काळ एका जागी उभा आहे त्याच्याकडे बघा. अठ्ठावीस युगे विटेवर उभा, पाऊल पुढे नाही की मागे नाही. पण तो मुका उभा नाही. कमरेवरच्या त्या हातांचा अर्थ आदिशंकराचार्यांच्या नावे असलेल्या पांडुरंगाष्टकात सांगितला आहे: माझ्या भक्तांना हा भवसागर एवढाच, कमरेइतकाच खोल आहे, असे तो हातांनी मापून दाखवतो. म्हणजे देवानेही उभे राहताना खूण केली, आणि ती स्वतःसाठी नाही, पाण्यात उतरणाऱ्यासाठी. आपले थांबणे त्या थांबण्याशी जुळावे, एवढेच त्याच्यापाशी मागू या.

राम कृष्ण हरी.