झुडपामागची सळसळ

मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाची प्रतीक्षा ज्यांनी जवळून पाहिली आहे, ते प्रयोगशाळांची टिंगल करणार नाहीत. आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस, दात्याची वाट पाहणे, आणि घरातील कोण पुढे होणार या कुणीच न विचारलेल्या प्रश्नाचे ओझे. आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांनाही हे अपरिचित नाही. माणसाच्या पेशींपासून प्राण्याच्या देहात मूत्रपिंड वाढविता येईल काय, हा शास्त्रज्ञांचा प्रश्न करुणेतून निघाला आहे, हे आम्ही आधीच मान्य करतो.

त्या वाटेवरील एक प्रयोग मात्र आम्हांस अस्वस्थ करतो. चीनमधील कुनमिंग आणि अमेरिकेतील सॉल्क संस्था येथील संशोधकांनी तो एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. लांब शेपटीच्या माकडांच्या सहा दिवसांच्या १३२ भ्रूणांत प्रत्येकी २५ मानवी मूलपेशी सोडण्यात आल्या. या पेशी बहुक्षम, म्हणजे पुढे त्वचा, हृदय, मेंदू असे काहीही होऊ शकणाऱ्या. दहाव्या दिवशी १०३ भ्रूण वाढत होते, एकोणिसाव्या दिवशी तीनच उरले. गर्भाशयात एकही ठेवला नव्हता. सारे काचेच्या बशीत घडले व तेथेच संपविण्यात आले.

अशा जीवाला शास्त्रज्ञ 'कायमेरा' म्हणतात. तो खेचरासारखा संकर नव्हे. खेचराच्या प्रत्येक पेशीत घोडा आणि गाढव एकजीव झालेले असतात. कायमेरात दोन जीवांच्या पेशी शेजारीशेजारी नांदतात, गोधडीत दोन लुगड्यांचे तुकडे असावेत तशा.

मूलपेशींचा विषय निघाला की आपल्या मनात येते ती मानवी भ्रूणाची हत्या. तो आक्षेप खराच आहे. पण २००७ साली जपानच्या शिन्या यामानाका यांनी प्रौढ माणसाच्या त्वचेच्या पेशींनाच बहुक्षम करून दाखविल्यापासून तो प्रत्येक ठिकाणी लागू पडत नाही. काहीजण उत्पत्तीच्या पुस्तकाकडे बोट दाखवितात, परमेश्वराने प्राणी आपापल्या जातीप्रमाणे निर्माण केले म्हणून. तेवढ्यावर आमचे समाधान होत नाही. डुकराच्या हृदयातील झडप बसविलेला भाविक आपल्याशेजारी बाकावर बसून प्रार्थना करतो, आणि त्याच्या माणूसपणात गुंजभरही उणे येत नाही. पोप महोदयांच्या जीवनविषयक अकादमीने २००१ साली प्राण्यांचे अवयव माणसात रोपण करण्यास तत्त्वतः संमती दिली. वगळले ते मेंदू आणि जननग्रंथी. व्यक्तीची ओळख या दोहोंशी निगडित आहे म्हणून.

आमचे मन अडते ते नेमके येथे. बहुक्षम पेशीला 'तू मूत्रपिंडच हो' असे बजावून पाठविणे अद्याप पुरतेपणी साधलेले नाही. २०२३ साली शांघाय येथे माकडाच्याच मूलपेशी दुसऱ्या माकडाच्या भ्रूणात घालून एक नर पिल्लू जन्मास आले. मानवी पेशींचा तेथे काही संबंध नव्हता. बाहेरून घातलेल्या पेशींचे प्रमाण त्याच्या निरनिराळ्या अवयवांत २१ ते ९२ टक्के भरले; त्या मेंदूत पोहोचल्या होत्या, वृषणांतही. अंगातील ऊब घसरून श्वासाचा त्रास होऊ लागल्याने दहाव्या दिवशी त्याला मरण देण्यात आले. (चाळीस माद्यांच्या उदरांत चौऱ्याहत्तर भ्रूण ठेवून जिवंत हाती आले ते असे एकच पिल्लू. प्राण्यांना विनाकारण यातना देणे मनुष्याच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे आपला धर्मोपदेश सांगतो. त्याची येथे आठवण होते.)

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना शिकाऱ्याचे उदाहरण हटकून येत असे. झुडपामागे सळसळ झाली. हरीण असेल, माणूसही असेल. खात्री नसताना बाण सोडणारा, पुढे हरीणच पडले तरी दोषी ठरतो. कायमेराच्या बाबतीत झुडूप शिकाऱ्यानेच लावले आहे. पंचवीस पेशींनी माकडाचा माणूस होत नाही, हे शास्त्रज्ञांचे म्हणणे बहुधा बरोबर असेल. पण माकड निवडले ते आपल्याशी असलेल्या जवळच्या नात्यामुळे, मानवी पेशी त्यात अधिक तग धरतात म्हणून. आणि त्याच नात्यामुळे शंकाही दाट होते. ही केवळ धर्मगुरूंची सोवळी भीती नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी २००९ च्या नियमावलीत माकडांच्या अशा कोवळ्या भ्रूणांत मानवी बहुक्षम पेशी घालण्याच्या कामाला पैसा देणे नाकारले. डुकराची वाट आम्हांस अधिक सुरक्षित वाटते. २०२३ मध्येच चीनमधील ग्वांगझू येथे डुकराच्या भ्रूणांत बव्हंशी मानवी पेशींची मूत्रपिंडे २८ दिवसांपर्यंत वाढविली गेली, आणि मेंदूकडे वळलेल्या मानवी पेशी अगदी थोड्या आढळल्या.

ख्रिस्तसभेच्या जुन्या विधिग्रंथात एक तरतूद होती. अतिशय विद्रूप अर्भक जन्माला आले आणि ते मनुष्यच आहे काय याविषयी शंका वाटली, तर धर्मगुरूने 'तू मनुष्य असशील तर' अशी अट उच्चारून बाप्तिस्मा द्यावा. ती शंका निसर्गाने पुढ्यात ठेवलेली होती, आणि मातेच्या मांडीवरचे मूल माणसाचेच असे. उद्या एखाद्या प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यात मानवी पेशींनी विणलेल्या मेंदूचे पिल्लू धाप टाकू लागले, तर तेथे पशुवैद्याला बोलवायचे की डॉक्टरला, आणि दाराशी उभ्या असलेल्या धर्मगुरूने ते चार शब्द उच्चारायचे की नाही?