खड्डा कोणासाठी?

गोल्फची काठी मी कधी हातात धरलेली नाही; यापुढे धरीन असेही वाटत नाही. तरीही गोल्फची मैदाने आखणाऱ्यांविषयी मला फार दिवसांचे कुतूहल आहे. दुसऱ्याच्या वाटेत अडचणी मांडून ठेवणे हा त्यांचा व्यवसाय. आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्या मास्तराचा तरी दुसरा कोणता?

या व्यवसायात दोन पंथ आहेत. अमेरिकेत पिट्सबर्गजवळ हेन्री फाउन्स या पोलादाच्या कारखानदाराने 1903 साली ओकमाँटचे मैदान आखले. चुकेल त्याने भोगावे, हा तिथला न्याय. वाळूच्या खड्ड्यांतून जड दाताळी फिरवून सऱ्या पाडीत. चेंडू सरीत रुतला की पुढची आशा सोडून तो नुसता बाहेर काढायचा!

दुसरा पंथ स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानाचा. ते मुळात कोणी एकाने आखलेले नाही. वारा, मेंढरे आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे खेळाडू यांनी ते घडविले. तिथेही खड्डे आहेत, चांगले खोल आहेत. परंतु बाजूला वाटही आहे. धिटाने खड्ड्यावरून चेंडू मारावा, सावधाने वळसा घ्यावा. वळशाची किंमत फार तर एखादा फटका.

1921 साली एकोणीस वर्षांचा बॉबी जोन्स याच मैदानावर अकराव्या होलच्या खड्ड्यात सापडला आणि रागाने स्पर्धा सोडून गेला. 1927 साली तिथेच त्याने ओपन जिंकली. पुढे त्याने डॉ. अलिस्टर मॅकेन्झीबरोबर ऑगस्टाचे मैदान उभारले. ते 1933 साली खुले झाले. त्याच्या तेराव्या होलवर हिरवळीपुढे ओढा आहे. दुसऱ्याच फटक्यात ओढा ओलांडावा, की अलीकडे थांबावे? उत्तर ज्याचे त्याने द्यायचे. ज्या खड्ड्याने त्याला रडविले, त्याचा सूड त्याने इतरांवर उगवला नाही, याचे मला नवल वाटते.

कारण मी उगवला. पुष्कळ वर्षे माझ्या गणिताच्या पत्रिकेत पहिलाच प्रश्न सर्वांत अवघड असे. कच्ची मुले त्यातच अर्धा तास रुतत आणि येणारी उदाहरणेही राहून जात. याला मी 'दर्जा' म्हणत असे. हुशार मुलाला त्या खड्ड्याचा उपद्रव नव्हताच. तो खणला होता फक्त आधीच धडपडणाऱ्यांसाठी.

मग मी तो प्रश्न शेवटी नेला आणि ऐच्छिक केला. तर त्याला कोणी हातच लावीना! तेव्हा ध्यानात आले की, वळसा ठेवणे हे अर्धेच काम. ओढा ओलांडणाऱ्याला एक फटका वाचतो, म्हणून तर तो ओलांडावासा वाटतो. माझ्या प्रश्नापलीकडे मुलांना मिळण्यासारखे काय होते? दोन गुण!

यंदाची पत्रिका टेबलावर पडली आहे. अवघड उदाहरण तयार आहे. त्याच्यापुढे आकडा मात्र अजून घातलेला नाही.