झरा कोणाचा, गोष्ट कोणाची?

जें संकट साऱ्या पृथ्वीवर येऊं घातलें आहे, त्याची कथा लेखकानें कोणत्या भाषेंत सांगावी? वरवर पाहणाऱ्यास हा प्रश्न प्रकाशकाच्या हिशेबाचा वाटेल. जी भाषा अधिक लोक वाचतात तींत पुस्तक अधिक खपतें, एवढेंच त्याचें उत्तर, असें तो म्हणेल. परंतु थोडा विचार केला असतां हा प्रश्न नीतीचा आहे असें दिसून येतें. लेखकावर आपल्या भाषेचें ऋण असतें; आणि ज्याला धोक्याची चाहूल लागली, त्याच्यावर ती न लागलेल्यांना हांक मारण्याचेंहि ऋण असतें. हीं दोन ऋणें एकमेकांच्या आड आलीं, तर आधीं कोणतें फेडावें?

ह्या प्रश्नाचा ऊहापोह निव्वळ तर्कानें करण्यापेक्षां एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारें करणें बरें. एमी इटॅरांता ह्या फिनलंडमधील टँपेरे शहरीं १९७६ सालीं जन्मलेल्या लेखिका. इंग्लंडांत कँटरबरी येथील केंट विद्यापीठांत ललितलेखनाचा अभ्यास करीत असतां त्यांनीं एका कादंबरीस आरंभ केला, आणि ती फिनिश व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत स्वतःच पुरी केली. फिनलंडांतील तेओस ह्या प्रकाशनसंस्थेच्या अद्भुत व विज्ञानकथांच्या स्पर्धेंत २०११ सालीं ती विजयी ठरली. २०१२ सालीं ती 'चहागुरूचें पुस्तक' अशा अर्थाच्या नांवानें फिनिशमध्यें निघाली, आणि २०१४ सालीं 'मेमरी ऑफ वॉटर', म्हणजे 'पाण्याची स्मृति', ह्या नांवानें इंग्रजींत. आर्थर सी. क्लार्क पारितोषिकासाठीं २०१५ सालीं जीं सहा पुस्तकें निवडलीं गेलीं, त्यांत तिची गणना झाली.

फिनलंडांत लहानमोठीं मिळून सुमारें १,८८,००० सरोवरें आहेत. अशा जलसमृद्ध देशाच्या लेखिकेनें कल्पिलेलें भविष्य मात्र तहानेचें आहे. ध्रुवाकडील बर्फ वितळून गेलें आहे, गोड्या पाण्यावर परकीय लष्कराचा पहारा बसला आहे, आणि पाण्याच्या बाबतींत गुन्हा करणाऱ्याच्या दारावर निळें वर्तुळ रंगविलें जातें. नोरिया ही चहागुरूची सतरा वर्षांची कन्या. तिच्या घराण्यानें डोंगराच्या पोटांतील एक झरा पिढ्यान् पिढ्या गुप्त राखिला आहे. बाप तिला तें गुपित सांगतो, आणि तो वारल्यावर त्याचा सारा भार तिच्या एकटीवर येतो. इकडे गांव तहानेनें व्याकुळ आहे. झरा झांकावा कीं वांटावा? झांकला तर शेजारीं मुलें आजारी पडतात. वांटला तर सुगावा लागून झऱ्याला सगळेच मुकतात.

लहान भाषेंत लिहिणाऱ्या लेखकापुढेंहि असाच पेंच असतो. फिनिश ही सुमारें पन्नास लाख लोकांची भाषा. तींत लिहिलेलें पुस्तक शेजारच्या देशांतहि सहजीं वाचलें जात नाहीं.

अशा लेखकाला एक पक्ष सांगतो कीं, पृथ्वीची गोष्ट पृथ्वीच्या भाषेंतच लिही. घरच्या बोलीचा मोह सोड. परंतु पृथ्वीची म्हणून कोणतीच भाषा नाहीं. हवामानांतील पालट माणसाला अंशांच्या आंकड्यांनीं कळत नाहीं. नेहमींचे शब्द खोटे पडूं लागले म्हणजे तो कळतो. आपल्या शेतकऱ्याला वळीव, मृग, आर्द्रा, हस्त ह्या शब्दांतच पावसाचा सारा हिशेब वडिलोपार्जित मिळाला आहे. मृगाचा पाऊस मृगांत न पडला म्हणजे केवळ पाऊस चुकला असें नव्हे, शब्दहि चुकला. उत्तरेकडील माणसाचें बर्फाशीं आणि हिंवाळ्याशीं असेंच नातें असतें. शिवाय फिनिश व्याकरणांत भविष्यकाळाचें निराळें क्रियारूप नाहीं. उद्यांची गोष्टहि वर्तमानकाळाच्याच रूपानें बोलतात. येणारें संकट आजचेंच आहे असें ज्याला सांगावयाचें आहे, त्याला ह्याहून अर्थपूर्ण व्याकरण कोठें मिळणार? घरच्या भाषेची ही अचूकता टाकून जो आरंभापासूनच साऱ्या जगासाठीं लिहूं लागतो, त्याच्या कथेंतला पाऊस कोठल्याच गांवीं पडत नाहीं.

दुसरा पक्ष ह्याच्या उलट बोलतो. भाषांतरांत सत्त्व उडून जातें, तेव्हां आपली कथा आपल्यांतच राहूं द्यावी, असें तो म्हणतो. ह्या म्हणण्यांत तथ्य आहे. पण नोरियाच्या पूर्वजांचा युक्तिवाद ह्याहून निराळा नव्हता, हेंहि ध्यानांत घ्यावें. शुद्धता राखतों असें म्हणत माणूस पुष्कळदां आपली मालकीच राखीत असतो. आणि येथें तर गोष्ट अधिक गंभीर आहे. ज्यांच्या धुरानें हवा तापली ते, आणि ज्यांच्या विहिरी आटल्या किंवा ज्यांचे किनारे खचले ते, हे बहुधा एक भाषा बोलत नाहींत. ज्याचें जळतें त्याला कळतें, ही म्हण खरी. पण ज्याच्या हातून जळतें त्याला तें कळवावें कोणी? भाषांतरावांचून त्याला दुसरा मार्ग नाहीं.

मात्र ह्या मार्गावर एक खांचखळगा आहे, आणि तो दृष्टीआड करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. मोठ्या भाषेच्या दाराकडे डोळा लावून बसलेला लेखक हळूहळू आपल्याच भाषेंत परक्यासारखा लिहूं लागतो. टीपेवांचून कळणार नाहीं तो शब्द तो गाळतो. परक्याला चमत्कारिक वाटेल तेवढेंच दुःख निवडतो. इटॅरांता यांची रीति ह्या दृष्टीनें विचार करण्यासारखी आहे. एकच कथा दोन भाषांत लिहिणाऱ्यास प्रत्येक वाक्य दोनदां तपासावें लागतें. एका भाषेंत नुसत्या नादावर खपून गेलेलें ढिलें वाक्य दुसरींत उघडें पडतें. इंग्रजी पुस्तक हें भाषांतर कीं दुसरें मूळ, असा वाद पंडितांनीं खुशाल घालावा. दोन्हींकडे सारखेंच कष्ट झाले, ही गोष्ट महत्त्वाची. परंतु परदेशच्या विद्यापीठांत राहून परभाषा आत्मसात् करण्याची संधि किती लेखकांना लाभते? बाकीच्यांना भाषांतरकार हवा. आणि जगांत बहुतेक ठिकाणीं भाषांतरकाराला मोबदला थोडा मिळतो व नांव बारीक अक्षरांत छापलें जातें.

आतां पलीकडच्या तीरावरील वाचकाचा विचार करूं. २०१६ च्या मार्चांत लातूर शहरीं पाणी भरण्याच्या जागीं जमाव होऊं नये म्हणून १४४ कलम लागू करावें लागलें. एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. फिनलंडच्या लेखिकेनें दूरच्या भविष्यांतलें म्हणून जें रंगविलें, त्याची छाया तिचें पुस्तक निघाल्यापासून सुमारें चार वर्षांत आपल्या दारीं पडली होती. आणि पाणी कोणाचें, हा प्रश्न तर महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं व त्यांच्या अनुयायांनीं ओंजळीनें पाणी पिऊन साऱ्या समाजाला विचारला आहे. ह्या स्मृति बरोबर घेऊन वाचणाऱ्या मराठी वाचकाला नोरियाची कथा अद्भुत वाटत नाहीं. ती ओळखीची वाटते. लेखिकेच्या मनांत नसलेला अर्थहि त्याला तींत दिसूं शकतो. तेव्हां भाषांतरांत नुसती तूटच येते, हें मत एकांगी होय.

परंतु हा व्यवहार दुहेरी आहे काय? २०११ च्या जनगणनेप्रमाणें मराठी ही सुमारें ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा. ही संख्या फिनिश भाषिकांच्या पंधरापटींहून अधिक आहे. तरीहि आपली तहान टँपेरेच्या वाचकाच्या कानीं जावी म्हणून आपण काय केलें, ह्याचा जाब आपणच आपल्याला विचारला पाहिजे.

हीं दोन ऋणें आहेत खरीं, पण तीं एकमेकांचीं वैरी नव्हेत. त्यांना क्रम आहे. कथा आधीं आपल्या भाषेंत, आपल्या पावसाच्या नांवानें, पुरत्या सत्यानें लिहावी. आणि मग ती दुसऱ्याच्या अंगणांत पोंचविण्यासाठीं झटावें. हें दुसरें काम औदार्याचें नव्हे, कर्तव्याचें आहे. नोरियाची अडचण खरी होती, कारण पाणी वांटलें म्हणजे आपल्या घागरींत कमी उरतें. कथेचें तसें नाहीं. ती दुसऱ्याला दिली तरी आपल्याकडे सबंध राहते, आणि कधीं कधीं न पाहिलेला अर्थ घेऊन परत येते. म्हणून झरा झांकण्याला नोरियाला जी सबब होती, ती लेखकाला नाहीं.