कळणे आणि वळणे

'कळते पण वळत नाही' या चार शब्दांत मनुष्यस्वभावाविषयी जेवढे सांगितले आहे, तेवढे पुष्कळशा नीतिग्रंथांतूनही हाती लागत नाही. तथापि प्रत्येक पिढीतील सुधारक या म्हणीकडे पाठ फिरवून नव्या उमेदीने असे मानतात की, माणसाला एकदा खरे काय ते कळले म्हणजे तो आपोआप वळेल. आमच्या काळात ही उमेद उपाहारगृहातील पदार्थांच्या यादीवर येऊन बसली आहे. पदार्थाचे नाव, त्याची किंमत आणि त्यापुढे त्याचा उष्मांक, असा हा नवा शिरस्ता आहे. त्याचा परिणाम काय होतो, व परिणाम झाला नाही तर तो मोडीत काढावा काय, या प्रश्नाचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. ज्या उपाहारगृहांच्या दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा आहेत, किंवा ज्यांनी केंद्राचा परवाना घेतला आहे, त्यांनी प्रत्येक पदार्थापुढे एका वाढणीतील किलोकॅलरी छापाव्या, असा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा नियम २०२२ पासून अमलात आला आहे. शिवाय, साधारण कामकाज करणाऱ्या प्रौढ माणसास दिवसाला सरासरी २,००० किलोकॅलरी लागतात, मात्र गरज व्यक्तीपरत्वे बदलते, असे वाक्यही तेथे द्यावे लागते. हिशेब सोपा आहे. एक ग्रॅम साखरेत सुमारे ४ आणि एक ग्रॅम तुपात सुमारे ९ किलोकॅलरी असतात. म्हणजे तोळाभर तूप पोटात गेले की शंभराच्या वर जमा झाल्या.

आता हा नियम सातारा-सांगलीकडे आणून पाहावा. अनेक शहरांत शाखा असलेली उपाहारगृहे या दोन्ही गावी आली आहेत, आणि तेथे आकडे दिसतात. परंतु साताऱ्याचे कंदी पेढे ज्या दुकानातून घरोघर जातात, त्या दुकानास बहुधा दहा शाखा नसतात. सांगलीचे भडंग पाकिटात बंद होऊन आले तर पाकिटाच्या पाठीवर त्याचा सारा हिशेब छापलेला असतो. तेच भडंग कांदा-कोथिंबीर घालून कागदात हातावर ठेवले की हिशेब नाहीसा होतो. खानावळ, मिसळीचे दुकान, चहाची टपरी ही सारी नियमाच्या बाहेर. म्हणजे ज्या ठिकाणी आपला समाज क्वचित, हौसेने जातो तेथे आकडा आहे. जेथे तो रोज जातो तेथे नाही.

बरे, जेथे आकडा आहे तेथे तरी माणूस वळतो काय? न्यूयॉर्क शहराने २००८ सालीच हा नियम केला. त्यानंतर तेथील गरीब वस्त्यांतील उपाहारगृहांत गिऱ्हाइकांची विचारपूस झाली व त्यांच्या पावत्याही तपासण्यात आल्या. आकडा पाहिलेल्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाने सांगितले की, त्याचा आमच्या निवडीवर परिणाम झाला. पावत्यांत मात्र उष्मांक कमी झालेले दिसले नाहीत! ही माणसे खोटे बोलत होती असे आम्हांस वाटत नाही. संकल्प करणे व तो पार पाडणे यांतील अंतर त्यांनाच दिसले नव्हते. पुढे निरनिराळ्या देशांतील २५ अभ्यास एकत्र करून कोक्रेन या संस्थेने २०२५ साली जो निष्कर्ष काढला, तोही याच जातीचा आहे. आकड्यामुळे निवडलेल्या अन्नाचे उष्मांक सरासरी १.८ टक्क्यांनी घटतात. ६०० किलोकॅलरींच्या जेवणात ११ इतके. आमच्या हिशेबाने ते सव्वा ग्रॅम तूप झाले.

यावरून कोणी म्हणेल, 'मग हा खटाटोप कशाला?' हे म्हणणे आम्हांस मान्य नाही. वाण्याच्या मापावर सरकारचा शिक्का असतो, तो गिऱ्हाइकाने कमी धान्य घ्यावे म्हणून नव्हे. त्याने काय घेतले हे त्यास खरे कळावे म्हणून. सत्य सांगण्याचे कर्तव्य ऐकणारा सुधारतो की नाही यावर अवलंबून ठेवले, तर जगात सत्य सांगण्याचे प्रसंग फारच थोडे उरतील. पदार्थात काय घातले हे विकणाऱ्यास ठाऊक असते व खाणाऱ्यास नसते. तेवढ्याच कारणाने आकडा तेथे असला पाहिजे. ज्यांना अन्नाच्या भीतीचा विकार जडला आहे त्यांना तो आकडा जाचतो, हे खरे; म्हणून इंग्लंडात २०२२ च्या नियमात, गिऱ्हाइकाने मागितल्यास आकड्यांवाचून यादी देण्याची मोकळीक ठेवली आहे. ही सवलत शहाणपणाची आहे.

परंतु सांगितले म्हणजे कर्तव्य संपले, असे मानण्यात एक मोठी फसगत आहे. त्याच २०२२ सालापासून, तेले व वनस्पती तुपात कारखान्यात निर्माण होणारी 'ट्रान्स' जातीची स्निग्धे दोन टक्क्यांहून अधिक असू नयेत, असाही नियम त्याच प्राधिकरणाने लागू केला. हे स्निग्ध हृदयरोगास कारण होते. या नियमाने खाणाऱ्यास काही वाचावयास लावले नाही की मनोनिग्रह करावयास सांगितले नाही. त्याने करणाऱ्याचा हात धरला. पहिल्या नियमाने खाणाऱ्याशी भाषण केले, दुसऱ्याने वाढणाऱ्यास जबाबदार धरले. दोन्ही हवेत, पण पहिला दुसऱ्याची जागा घेऊ लागला, की आकडा ही दोष खाणाऱ्याच्या पदरात टाकण्याची युक्ती ठरते.

अन्नाचा आकडा वाढणाऱ्याच्या हाती गेला व त्याचा भार मात्र खाणाऱ्याने सोसला, याचे भयंकर उदाहरण याच प्रदेशाने पाहिले आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात सातारा जिल्हा होरपळला. आज सांगली जिल्ह्यात असलेला तासगावचा मुलूख तेव्हा साताऱ्यातच होता. दक्षिण सातारा म्हणून वेगळा जिल्हा १९४९ साली झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. त्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्याने सरकारी कामावरील पुरुषाची मजुरी एक रत्तल धान्याची किंमत अधिक अर्धा आणा इतकी खाली आणली गेली. आजच्या हिशेबाने त्या धान्याच्या किलोकॅलरी सुमारे १,६०० भरतात. आणि त्या खडी फोडणाऱ्या माणसासाठी! मजुरांनी कित्येक ठिकाणी कामे सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे अर्ज पाठविले. आकडा तेव्हाही होता, पण तो तिजोरीच्या सोयीचा होता. आजही दोन हजारांचा आकडा कचेरीत बसणाऱ्या कारकुनास कदाचित अधिकच होईल, आणि गळिताच्या हंगामात कृष्णाकाठी ऊस तोडणाऱ्या मजुरास तो खात्रीने अपुरा पडेल. एकच आकडा सर्वांच्या ताटावर टांगताना हे विसरता कामा नये.

शेवटी, आपल्या घरांकडे दृष्टी वळवू. यादीवरील आकडा असे गृहीत धरतो की, प्रत्येक माणूस आपला घास आपण निवडतो. आपल्याकडे ताट दुसऱ्याच्या हातून भरते. लग्नाच्या पंगतीत पानावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून जिलबी पडते, आणि ती टाकणे हा यजमानाचा अपमान होतो. पाहुण्याला तिसऱ्यांदा वाढणे हे प्रेम, नि मुलाने पेढा नको म्हटले तर ते आजारपण, अशी आपली समजूत आहे. येथे खाणाऱ्यास कितीही कळले तरी तो वळणार कसा? वळावयाचे आहे ते वाढणाऱ्या हाताने. आग्रह सोडावा असे आम्ही म्हणत नाही. आग्रहात जे प्रेम आहे त्यानेच समोरच्याची भूक आधी विचारावी, एवढेच मागणे आहे.

सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि ऐकून घेणे हे खाणाऱ्याचे. पण पळी ज्याच्या हाती आहे, मग तो कारखानदार असो, सरकार असो वा घरचा यजमान असो, त्याने आकडा दुसऱ्यास वाचावयास देण्यापूर्वी तो एकदा स्वतः वाचावा.