खुर्च्या बाहेर का झुकतात?

म्हैसूरच्या दसरा प्रदर्शनात साखळ्यांचा पाळणा गरगरत होता. वेग वाढेल तशा खुर्च्या बाहेर झुकत होत्या.

"यांना बाहेर कोण ढकलतं?" भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या काकांनी पुतणीला विचारले. ती म्हैसूर विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसरात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला.

"कुणीच नाही. जडत्व."

"आणि ते कुठून आलं? आकाशात एकही तारा नसता, तर गरगरणं म्हणजे कशाच्या तुलनेत?"

प्रश्न अर्न्स्ट माखचा, एकोणिसाव्या शतकातला. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी १९६४ साली, वयाच्या पंचविशीत, केंब्रिजमध्ये फ्रेड हॉयल यांच्यासह त्याला गणिताचे रूप दिले. त्यांच्या सिद्धांतात कणाचे वस्तुमान, म्हणजे त्याच्या जडत्वाचे माप, त्याचे एकट्याचे नसते, ते विश्वातल्या इतर सगळ्या कणांकडून येते. रिकाम्या विश्वातल्या एकट्या कणाला वस्तुमानच नाही. व्हीलर आणि फाइनमन यांनी विद्युतचुंबकी बलासाठी घडवलेला साचा त्यांनी गुरुत्वाकर्षणाला लावला, म्हणजे दोन बले एका भाषेत आली. कण असंख्य असले की त्यातून आइनस्टाइनची समीकरणेही निघत.

पुतणीला पीएचडीसाठी असाच एखादा पर्यायी सिद्धांत खुणावत होता.

"मग घे की."

"काका, याच सिद्धांतावर तरुण हॉकिंगनं बोट ठेवलं होतं. सतत प्रसरण पावणाऱ्या विश्वात भविष्याकडून येणाऱ्या प्रभावांची बेरीज अनंत होते! आणि १७ ऑगस्ट २०१७ आठवा. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून गुरुत्वलहरी आल्या, मागोमाग १.७ सेकंदांनी गॅमा किरण. सुमारे १३ कोटी वर्षांच्या प्रवासात फरक एवढाच. लहरींचा वेग प्रकाशापेक्षा वेगळा सांगणारे कितीतरी सिद्धांत तेव्हाच निकालात निघाले. पाच वर्षं घालून माझंही तेच झालं तर?"

"झालं तर निदान कळेल तरी."

"नारळीकर शेवटपर्यंत महास्फोटाच्या विरोधात राहिले. ती चिकाटी की हट्ट?"

काका क्षणभर गप्प राहिले. "थोडा हट्ट असेलही. पण १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी केली, ती आपल्या मताचा मठ म्हणून नव्हे. तिथेच संजीव धुरंधर आणि त्यांचे विद्यार्थी गोंगाटातून गुरुत्वलहरी वेचण्याचं गणित बसवत होते. लहरी आइनस्टाइनच्याच सिद्धांतातल्या! २०१५ मध्ये त्या सापडल्या, तेव्हा ते कामी आलं."

"वेगळ्या मताला घर दिलं, कबूल. पण घर बांधण्याइतकं नाव आधी कमवावं लागतं. मला अजून शिष्यवृत्तीही नाही."

यावर काकांकडे उत्तर नव्हते. पाळणा थांबला, खुर्च्या सरळ लोंबू लागल्या. तिने दोन तिकिटे काढली.

"तुम्हाला झेपेल ना?"

"जडत्व माझं एकट्याचं थोडंच आहे," म्हणत ते रांगेत शिरले.